गगनचुंबी इमारतींना पायऱ्या कशासाठी?

एम्पायर स्टेट बिल्डिंगचा फोटो पाहा: इमारत वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकते. हे निव्वळ सजावटीसाठी नाही, त्यामागे कायदा आहे.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कची इक्विटेबल बिल्डिंग रस्त्यालगत सरळसोट उभी राहिली आणि शेजाऱ्यांचं ऊन अडलं. १९१६ मध्ये नियम आला. रस्त्याच्या मध्यापासून आकाशाकडे तिरकी दोरी ताणली आहे असं समजा. इमारतीने ती ओलांडायची नाही. फक्त पाव भूखंडावर मनोरा हवा तितका उंच न्यावा. मला हीच शैली सर्वांत देखणी वाटते.

न्यूयॉर्कमधल्याच १९५८ च्या सीग्रॅम बिल्डिंगपुढे वास्तुकार मीस व्हॅन डर रोह यांनी मोकळा चौक सोडला. १९६१ चा नवा नियम असा चौक सोडणाऱ्यांना जादा बांधकाम देऊ लागला, आणि पायऱ्यांऐवजी काचेचे सपाट मनोरे वाढले.