गाणारी मुलगी बेसूर नव्हती!

डोंबिवलीतील एका शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. नववीतील एक मुलगी गात होती. साथीला पेटी होती आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डही होता. मुलगी दर दोन ओळींनी अडखळे आणि "सूर नीट धर गं!" असे तिला ऐकावे लागे. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हटले, "अगं, तू जरा थांब. आधी ही दोन वाद्ये जुळतात का, ते पाहू."

तिचा षड्ज काळी चारचा होता. पेटीवाल्याने आणि कीबोर्डवाल्याने तोच एक सूर एकदम धरून ठेवला. सूर स्थिर राहीना. तो लहानमोठा होत डुलू लागला. हे डुलणे आम्ही घड्याळ लावून मोजले. १० सेकंदांत २० वेळा! म्हणजे सेकंदाला दोन.

मित्रांनो, या डुलण्याला विस्पंद म्हणतात. जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन ध्वनी एकत्र आले, की त्यांची कंपने कधी एकमेकांना साथ देतात, तर कधी एकमेकांना मारतात. दर सेकंदाला होणाऱ्या विस्पंदांची संख्या ही त्या दोन वारंवारतांमधील फरकाइतकीच असते. दोन वाद्यांमध्ये २ हर्ट्‌झचा फरक होता. बिचारी मुलगी कोणाच्या सुरात गाणार?

आता दुरुस्ती कोणात करायची? पेटीचा सूर पितळी पट्टीची लांबी, जाडी आणि वजन यांवर ठरतो. तो बदलायचा तर पेटी उघडून पट्टी घासावी लागते. कीबोर्डचा सूर मात्र त्याच्या स्मृतीतील एका आकड्यावर ठरतो. म्हणून कीबोर्डनेच पेटीच्या मागे जावे, हे बरे.

संपूर्ण वाद्याला एकदम लागू होणाऱ्या अशा तीन सोयी बहुतेक चांगल्या कीबोर्डमध्ये असतात. त्या बदलल्या, की पियानो असो वा बासरी, सर्वच आवाज बदलतात.

पहिली सोय ट्रान्सपोज. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. ट्रान्सपोजने सूर त्यातील एकेका भागाने वरखाली सरकतो. आमचा वादक पांढरी एक दाबून काळी चार वाजवत होता. त्यासाठी त्याने उणे ४ हा आकडा लावला होता. तो बरोबरच होता.

दुसरी सोय मास्टर ट्यून. सप्तकाच्या बाराव्या भागाचे आणखी १०० भाग केले, की एकेका भागाला सेंट म्हणतात. मानक स्वर ४४० हर्ट्‌झचा धरला, तर मंद्रातील काळी चार २०७.६५ हर्ट्‌झची येते. तेथे एक सेंट म्हणजे सुमारे ०.१२ हर्ट्‌झ. मग २ हर्ट्‌झ म्हणजे सुमारे १७ सेंट. पण वर की खाली? आम्ही ५ सेंट वर गेलो. विस्पंद मंदावले, म्हणजे दिशा बरोबर! १७ सेंटला ते जवळजवळ थांबले. मुलगी पुन्हा गायली आणि या वेळी कोणी तिला थांबवले नाही.

तिसरी सोय स्केल ट्यून. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. बारा सारख्या भागांतील गांधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. हा प्रश्न नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि क्लेमंट्स यांच्यासह श्रुतींची पेटीही घडवून घेतली. पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली. आज कीबोर्डवर गांधार १४ सेंट उतरवता येतो. मात्र षड्ज बदलला, की नव्या गांधाराची पट्टी शोधून तीच उतरवावी लागते.

एक सावधगिरी बाळगा. काही कीबोर्ड बंद केले तरी हे आकडे त्यांच्या स्मृतीत राहतात. म्हणून कार्यक्रम संपला, की ते पूर्ववत करा. नाहीतर उद्या आणखी कोणी तरी विनाकारण बेसूर ठरेल!