मोरीचा उतार : घराचे आरोग्य आणि माणसाचा जीव

मोरीत पाणी तुंबते, घरात दुर्गंधी येते, रात्री जाळीतून झुरळे वर येतात. ही तक्रार घरोघरची आहे. मग अॅसिडची बाटली आणली जाते, तार घातली जाते. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आपण घरच्या बाईला बोल लावतो की खरकटे मोरीत का टाकलेस. पण पुष्कळदा दोष तिचा नसतो. दोष पाइपाच्या उताराचा आणि ट्रॅपचा असतो.

पुण्याला उताराचे शास्त्र नवे नाही. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. सदाशिव पेठेतही असे हौद होते. पाणी उतार पाहून आले. जात पाहिली ती माणसांनी. म्हणूनच महात्मा फुले यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला आणि बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पाणी घरात येण्याचा हा इतिहास आपल्याला पाठ आहे. घरातून जाणाऱ्या पाण्याचा विचार मात्र आपण करत नाही.

उतार किती असावा?

सदाशिव पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्यांत बिऱ्हाडे वाढली, खोलीखोलीत मोऱ्या झाल्या आणि पाइप जमेल तसे जोडले गेले. चाळीत आणि वसाहतीतही तेच झाले. हिशेब सोपा आहे : दर फुटाला पाव इंच उतार. मोरीपासून चेंबर बारा फूट असेल, तर पाइपाचे दुसरे टोक तीन इंच खाली हवे. उतार कमी पडला तर पाणी रेंगाळते आणि गाळ बसतो. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो.

मोजायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरे. नळीत पाणी भरून ती दोन्ही टोकांना धरा. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहते. त्या पातळीपासून पाइप प्रत्येक टोकाला किती खाली आहे ते मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. मधे पाइप झोळीसारखा लोंबत असेल तर क्लॅम्प जवळजवळ मारून घ्या. जमिनीखालचा पाइप खचला असेल तर खालची माती नीट ठोकून तो पुन्हा बसवावा लागतो. काटकोनी वळणाऐवजी दोन सौम्य वळणे द्यावीत. काम झाल्यावर फरशी घालण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहा.

ट्रॅपचे काम

लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली संडासाच्या पाइपाला वाकडे वळण देऊन त्यात पाणी अडवले. आपल्या नहाणी ट्रॅपचे तत्त्व तेच. त्यात साधारण दोन इंच पाणी सतत हवे. तेच गटारातला वायू अडवते. ट्रॅप तिरका बसला की पाणी टिकत नाही. घर बरेच दिवस बंद राहिले तर ते सुकते. परतल्यावर तांब्याभर पाणी आधी जाळीत ओता. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खाली गुडगुड आवाज येत असेल, तर हवेचा पाइप नाही किंवा तो बुजला आहे असे समजावे.

२००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरातील सुकलेले ट्रॅप हे त्यामागचे एक मोठे कारण तपासात पुढे आले.

अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

चेंबरमध्ये कोण उतरतो?

उतार चुकला की चेंबर तुंबते. चेंबर तुंबले की कुणाला तरी बोलावले जाते. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकाला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. हा नियम नगरपालिकेप्रमाणे घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची आणि २०२३ साली तीस लाखांची भरपाई ठरवली. पण भरपाईने घरचा कर्ता माणूस परत येत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, घराची दुरुस्ती निघाली की गवंड्याला रंगाच्या आधी उतार विचारा. चाळीच्या बैठकीत चेंबरचा विषय काढा आणि सफाई यंत्रानेच व्हावी असा आग्रह धरा. आपल्या मुलांनी आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम करावा. ज्या कामाने आपल्या माणसांचे जीव घेतले, त्याच कामाचे शास्त्र शिकून ती मुले ताठ मानेने मजुरी घेतील. भगवान बुद्धांनी सुनीत या झाडूवाल्याला संघात घेतले, ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मुद्दाम घातली आहे. ती विहारात ऐकावी आणि घरी येऊन मोरीचा उतार मोजावा.

जयभीम!