ओढणारा एक, खोकणारे सारे घर

पावसाळ्याचे दिवस. दार-खिडक्या बंद. एकाच खोलीत आजोबा खाटेवर विडी ओढत बसलेले आणि हातभर अंतरावर पाळण्यात नातू. सूनबाईला ते खटकते, पण मामंजींना सांगायचे कोणी? मग बाळ खोकू लागले की दोष हवेला, पाण्याला, नाहीतर कुणाच्या नजरेला!

ओढणारा धूर सोडतो तेवढाच धूर आपल्याला दिसतो. पण दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकातून निघणारा धूर त्याहून पुष्कळ जास्त असतो आणि खोलीत साचतो तो मुख्यतः तोच. सिगारेटला फिल्टर असला तरी तो ओढणाऱ्याच्या ओठाशी. जळत्या टोकाला कसला आला फिल्टर?

तान्ह्या मुलाच्या श्वासनलिका अरुंद. ते मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेते आणि त्याला उठून बाहेर जाता येत नाही. लंडनच्या हॅरो भागातील दोन हजारांहून अधिक बालकांची पाहणी १९७४ साली प्रसिद्ध झाली. आईबाप दोघेही न ओढणाऱ्या घरांत पहिल्या वर्षात शंभरातील सुमारे ८ बालकांना न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला होता. एक जण ओढत असेल तिथे ११, दोघेही ओढत असतील तिथे जवळजवळ १८!

मोठ्यांचीही सुटका नाही. जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका स्वतः कधीही न ओढणाऱ्या बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक.

खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा धूर पुरता जात नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. घराच्या उंबरठ्यावर मात्र तो कायदा थांबतो. तिथे बोलायचे ते घरच्यांनीच. हे काम सुनेवर ढकलू नये. मुलाने वडिलांजवळ बसून सांगावे. (अर्थात त्याच्या स्वतःच्या खिशात पाकीट नसेल तर!) सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तोवर निदान घराबाहेर, मोकळ्यावर जाऊन ओढावे.

आणि बाळाचा श्वास फार भरभर चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा. घरात कोण ओढते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.