फॅटी लिव्हरवर भुईआवळा? थांबा, आधी हे वाचा!

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं की संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू होतात. कुणी भुईआवळ्याचा रस सांगतं, कुणी कुटकीचं चूर्ण, कुणी आरोग्यवर्धिनी. पनवेलकरांना तर ही नावं घरचीच. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये सुरू केलेली ‘श्री धूतपापेश्वर’ ही आयुर्वेदिक औषधांची कंपनी इथलीच.

पण इथे एक गोची आहे. भुईआवळा आपल्याकडे पूर्वापार दिला जातो तो काविळीवर. काविळीत डोळे पिवळे दिसतात. फॅटी लिव्हरमध्ये बहुतेकांना काहीच जाणवत नाही. यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठलेली असते आणि त्यामागे बहुधा सुटलेलं पोट, मधुमेह किंवा दारू असते. कुटकीने यकृताचं रक्षण होतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण माणसांमधला ठोस पुरावा अजून तोकडा आहे.

आरोग्यवर्धिनी म्हणजे निव्वळ झाडपाला असं अनेकांना वाटतं. तिच्यात कुटकी आणि त्रिफळ्यासोबत शुद्ध केलेला पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असतं. म्हणूनच अशा औषधांच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणं बंधनकारक आहे. घरात डबी असेल तर फिरवून बघाच.

गुळवेलीचं प्रकरण आठवतंय? २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की वेल नीट ओळखलेलीच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकते. आता सांगा, जिथे तज्ज्ञांमध्येच वाद होतो, तिथे सोसायटीच्या कुंपणावरची वेल आपण कशाच्या भरवशावर उकळतो?

मग करायचं काय? वजन जास्त असेल तर ते हळूहळू ७ ते १० टक्के उतरवणं हा सगळ्यात भक्कम उपाय. म्हणजे ८० किलोच्या माणसाने साधारण साडेपाच ते आठ किलो. दारू बंद. आयुर्वेदातही पहिली पायरी ‘निदान परिवर्जन’ म्हणजे रोगाचं कारण दूर करणं हीच आहे. फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गाळलेली असते.

वैद्यांकडे जाणार असाल तर सोनोग्राफी, एलएफटीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. काढा सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा जेवणच जाईनासं झालं, तर काढा तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जाताना काढ्याची बाटलीही घेऊन जा.