मल्लाची साधना

कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते, दोन मल्ल एकमेकांस भिडतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकजण दुसऱ्यास अस्मान दाखवतो. प्रेक्षक हर्षाने फेटे उडवतात. अशा कुस्तीचा निकाल क्षणात लागतो. परंतु त्या क्षणामागे कित्येक वर्षांची तपश्चर्या उभी असते. ती लोकांच्या दृष्टीस सहसा पडत नाही. कारण ती तालमीच्या चार भिंतींआड, पहाटेच्या काळोखात चाललेली असते.

कोल्हापूर हे मल्लविद्येचे माहेरघर मानले जाते. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्येस उदार आश्रय दिला आणि १९१२ साली तेथे खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले. या नगरीतील तालमींत मल्लाचा दिवस सूर्याच्या आधी उगवतो. गाव साखरझोपेत असता तो उठतो, मारुतीपुढे मस्तक नमवतो, लंगोट कसतो आणि मेहनतीस लागतो. शेकडो जोर काढल्याने त्याची छाती, खांदे व दंड भरतात; शेकडो बैठकांनी मांड्या खांबांसारख्या घट्ट होतात; दोरावर चढण्याने मनगटास व पकडीस बळ येते.

मग पाळी येते हौद्याची. हौदा म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा. ही माती चाळून तीत ताक, तेल, हळद असे पदार्थ मिसळलेले असतात. दररोज खोऱ्याने ती उकरावी लागते. त्यामुळे माती भुसभुशीत राहून पडणाऱ्यास इजा होत नाही आणि उकरणाऱ्याचाही उत्तम व्यायाम होतो. या कामात लहानमोठा हा भेद मानू नये, अशी तालमीची रीत आहे.

त्यानंतर वस्तादांच्या नजरेखाली लढतींचा सराव होतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे अनेक डाव आहेत. पण डाव ठाऊक असणे निराळे आणि तो ऐन वेळी साधणे निराळे. प्रतिस्पर्ध्याचा तोल किंचित ढळला, तर ती संधी निमिषमात्रच टिकते. तेवढ्यात विचार करण्यास सवड कोठली? म्हणून एकच डाव इतक्या वेळा घोटावा लागतो, की मनात येण्यापूर्वीच तो हातापायांनी केलेला असावा.

एवढ्या श्रमास खुराकही तसाच लागतो. दूध, तूप आणि बदाम वाटून केलेली थंडाई यांचा खर्च थोडा नसतो. पुष्कळ मल्ल शेतकऱ्यांच्या घरातील असतात आणि घरची माणसे पोटाला चिमटा घेऊन त्यांचा खुराक पुरवतात. या ऋणाची जाणीव मल्लाच्या मनात सतत जागी असते. दुपारी तो झोप घेतो. कारण श्रमाने थकलेले स्नायू विश्रांतीतच पुन्हा बळकट होतात. सायंकाळी पुन्हा मेहनत करून तो रात्री लवकर निजतो. गावची जत्रा असो वा घरचे लग्न, हा नेम सहसा मोडत नाही.

मात्र शरीर कमावले, म्हणजे साधना पूर्ण झाली, असे नव्हे. मल्लाचे खरे कसोटीस्थान म्हणजे त्याचा पराभव. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत पाठ जमिनीस लागली, तरी जिंकणाऱ्यास आलिंगन द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हौद्यात उतरावे, हे फार कठीण आहे. चुकलेला डाव वस्तादांपुढे उकलून पाहणे तर त्याहूनही कठीण.

खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९२६ साली कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत ते उतरले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर आणि परक्या नियमांनी लढावे लागले. त्यांचा सहावा क्रमांक आला. निराश होऊन बसण्याऐवजी त्यांनी पुढची चार वर्षे अधिकच कसून मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैशांची अडचण पडली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून खाशाबांचा पराभव झाला. तरीही त्यांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

शरीराचे बळ चिरकाल टिकत नाही. तारुण्य ओसरले, की मोठमोठ्या मल्लांनाही मैदान सोडावे लागते. तथापि पहाटे उठण्याची सवय, अपयश पचवण्याचे धैर्य आणि गुरुजनांविषयीची कृतज्ञता त्यांच्याजवळ उरते. मग एके दिवशी असाच एखादा जुना मल्ल वस्ताद होतो, हौद्याच्या काठाशी उभा राहतो आणि नव्या पोराच्या हाती खोरे देतो.