नोंद असेल तर तोड येईल



लागणीची नोंद वेळेवर दिली नाही तर उसाला तोड वेळेवर येत नाही, हे आम्ही दरवर्षी गटागटांतून फिरून सांगत असतो. नोंद नसलेला ऊस कितीही चांगला असो, तो फडात वाळत उभा राहतो. आज विषय मात्र उसाच्या नोंदीचा नाही, माणसांच्या नोंदीचा आहे.

कायम, हंगामी व रोजंदारी अशा सर्व कामगारांना कारखान्याने यंदा एक पाहणीपत्रक दिले आहे. पाळीच्या वेळा, पिण्याचे पाणी, मिल व बॉयलर हाउसमधील सुरक्षिततेची साधने याबद्दल त्यात प्रश्न आहेत. पूर्ण भरून आलेल्या प्रत्येक पत्रकामागे कारखाना ठरावीक रक्कम परिसरातील कामांसाठी काढून ठेवणार आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांची साखरशाळा, गावचा दवाखाना, की वाचनालय? मदत आधी कुणाला, हेही कामगारांनीच लिहायचे आहे.

योजना चांगली आहे. पण पेटीत पत्रके फार थोडी पडली आहेत. “कागद भरून कुणाचं भलं झालंय?” असे कँटीनमध्ये आमच्या कानावर आले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली निघाली. त्यांपैकी ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान! जमिनीचे तुकडे पडताहेत हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते, पण आकडा हाती आल्यावर त्यावर बोलणे सरकारलाही भाग पडले. पुढे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला.

आपल्या सहकारी साखर धंद्याचेही तसेच. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेचा कारखाना उभा करणारे, त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ, हे मूळचे पाहणी करणारे गृहस्थ. पुणे शहर असो की वाई तालुक्यातील शेती, आधी घरोघर विचारायचे आणि मग बोलायचे, ही त्यांची रीत.

ही गोष्ट फक्त शेतकऱ्यांचीच नाही. मागे पावसाळ्यात गळीत बंद असताना आम्ही मुंबईस गेलो होतो. तेथील मच्छीमारांचा सहकार कसा चालतो हे पाहावे म्हणून वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडून मढला उतरलो. मासेमारी बंद असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, कोळी बांधव जाळी दुरुस्त करीत बसलेले. आपल्याकडे उसाची नोंद, तशी त्यांच्याकडे होडीची. वादळात नुकसान झाले की पंचनामा होतो, पण कागदावरच नसलेल्या होडीची भरपाई मागायची कुणाकडे? केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०१० साली घरोघर जाऊन गणना केली, तेव्हा महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ कुटुंबे भरली. दार उघडून उत्तर दिले, त्यांचीच नोंद त्यात आली.

आता आमचीच एक चूक सांगतो. दोन हंगामांपूर्वी साखरशाळेसाठी तोडणी मजुरांच्या मुलांची संख्या हवी होती. कोप्याकोप्यांतून जाऊन मोजायला हवे होते. आम्ही गाडी सेंटरवर मुकादमांना तोंडी विचारले आणि टेबलावर बसून फॉर्म पुरा केला. डोकी सेंटरची, लांबच्या फडांवर उतरलेली मुले त्यात आलीच नाहीत. पाट्या, पुस्तके, शिक्षक, सगळी व्यवस्था त्या आकड्यावर झाली. जानेवारीत एका फडावर गेलो तर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बांधावर धाकट्या भावाला घेऊन बसलेली. शाळेचे विचारले तर म्हणाली, “आमच्याकडं कुणी आलंच नाही.” त्या फॉर्मवर सही आमची होती. तिचा तो हंगाम गेला, तो काही आम्हांला परत आणून देता आला नाही.

तेव्हा मित्रांनो, कागदाने पोट भरत नाही हे खरे, पण कागदावर नसलेल्याच्या ताटात काही पडत नाही, हेही तितकेच खरे.

पत्रकावर नाव लिहायचे नाही. तक्रार असेल तर बेलाशक लिहावी. ती दडविण्यासाठी ही पाहणी नाही. सगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, कारण अर्धवट पत्रकामागे रक्कम धरली जाणार नाही. टाइम ऑफिसजवळ पेटी ठेवली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गट ऑफिसात यावे. आमचे स्लिप बॉय विचारून भरून देतील. सभासदांनीही घरातला मुलगा, भाऊ किंवा सून कारखान्यात कामाला असेल तर आठवण करावी.

बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी सर्व पत्रके पेटीत पडावीत, एवढीच विनंती. यंदा मुलांची मोजणी आम्ही स्वतः फडाफडावर जाऊन करणार आहोत. तुमचे काम फक्त अर्ध्या तासाचे आहे.

— ऊस विकास अधिकारी