गाय वारंवार का उलटते?

गाय व्यायल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी माजावर येते, वेळेवर कृत्रिम रेतन करून घेतले जाते, आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा माज दाखविते. असे तीन-चार वेळा झाले म्हणजे शेतकरी रेतन करणाऱ्यास दोष देतो आणि अखेर कंटाळून गाय बाजारात नेतो. दोष कधी कधी तेथे असतोही. माज ओळखण्यात चूक होते, किंवा गर्भाशयात विकार असतो. परंतु भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या बाबतीत आणखी एक कारण तपासावयास हवे. ते रेतनाच्या दिवशी दिसत नाही, कारण ते दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या गव्हाणीत असते.

माजानंतर सुटणारे स्त्रीबीज त्याच आठवड्यात तयार झालेले नसते. कालवड जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात बीजे सुप्तावस्थेत असतात. त्यांपैकी एखादे जागे होऊन पक्व होण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात बीज मोठे होते, त्याच्याभोवती द्रवाने भरलेली पुटिका तयार होते, आणि बीजात एक लाखाहून अधिक तंतुकणिका साठतात. तंतुकणिका म्हणजे पेशीला शक्ती पुरविणाऱ्या भट्ट्याच होत. फलनानंतर सुमारे आठवडाभर गर्भ या भट्ट्यांची संख्या वाढवीत नाही. आईच्या बीजातून मिळालेल्या शिदोरीवरच त्याला दिवस काढावे लागतात. शिदोरी निकृष्ट असेल तर गर्भ त्याच आठवड्यात मरतो, आणि मालकाला गाय उलटली एवढेच कळते.

बीजाला साखरेचा उपयोग स्वतः फारसा करून घेता येत नाही. भोवतालच्या पेशी साखरेचे विघटन करून पायरूव्हेट नावाचा पदार्थ त्याला पुरवितात. बिगर्स, व्हिटिंगहॅम व डोनाह्यू या शास्त्रज्ञांनी १९६७ साली उंदराच्या बीजावरील प्रयोगांत हे दाखविले. गाईच्या बीजाची व्यवस्थाही याच धर्तीची आहे. म्हणून गाईच्या रक्तातील साखरेची स्थिती बीजापर्यंत जाऊन भिडते.

आता व्यालेल्या गाईकडे पाहू. एक लिटर दुधात ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते, आणि ती रक्तातील साखरेपासूनच बनते. रवंथ करणाऱ्या जनावराला ही साखर चाऱ्यातून जवळजवळ आयती मिळत नाही. कोठीपोटात आंबलेल्या चाऱ्या-दाण्यातील घटकांपासून यकृताला ती बनवावी लागते. दूध चार ते आठ आठवड्यांत कळसाला पोहोचते, भूक मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी पुरी उघडते. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. त्या चरबीची मेदाम्ले रक्तात, आणि रक्तातून पुटिकेच्या द्रवात उतरतात. प्रयोगशाळेत अशा मेदाम्लांच्या सान्निध्यात पक्व केलेल्या गाईच्या बीजांपासून कमी गर्भ तयार झाले. शिवाय तुटीच्या काळात इन्शुलिन घटते आणि माजाचे चक्रही लांबणीवर पडते.

या काळात वाढलेले बीज दोन-तीन महिन्यांनी सुटते तेव्हा कमकुवत निघते, अशी उपपत्ती अमेरिकेतील जॅक ब्रिट यांनी १९९२ साली मांडली. प्रत्येक प्रयोगात तिचा पडताळा सारखाच आला नाही. तरी व्यायल्यावर फार वाळलेल्या गाई उशिरा गाभण राहतात, हा अनुभव सर्वत्रचा आहे.

याचा अर्थ गाभण गाय लठ्ठ करावी असा मात्र नव्हे. अति माजलेली गाय व्यायल्यानंतर कमी खाते आणि चरबी अधिकच वेगाने वितळविते. पाच गुणांच्या अंगस्थितीच्या श्रेणीत विताना गाय तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी, आणि नंतरची घट एका गुणाच्या आत राहावी. विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावे. शेवटच्या तीन आठवड्यांत थोडथोडा खुराक सुरू करावा, म्हणजे कोठीपोटाला सवय होते. व्याल्याबरोबर एकदम पाटीभर दाणा घातल्यास अपचन होऊन उलट भूक मरते. पुढे शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो व त्याखेरीज दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक द्यावा. म्हशीस दर दोन लिटरमागे एक किलो. नुसत्या कडब्यावर ही तूट भरून निघत नाही. मका किंवा लसूणघासासारखी हिरवी वैरण आणि खनिज मिश्रण हवेच.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उलटणाऱ्या गाईच्या मालकाला प्रथम एवढेच विचारावे: विताना गाय कशी होती, आणि महिन्याभराने कशी झाली? उत्तर देता यावे म्हणून दोन्ही वेळी शेपटीच्या मुळाशी व माकडहाडाजवळ हात लावून पाहावे, बरगड्या किती दिसतात ते पाहावे, आणि रेतनाच्या तारखांशेजारी वहीत टिपून ठेवावे.